‘सम’ म्हणजे समान नव्हे

आयुर्वेदाच्या परिभाषेतील काही शब्द इतके अंगवळणी पडले आहेत की त्यांच्यापाशी थांबून विचार करण्याची आवश्यकता कोणालाच वाटत नाही. ‘सम’ हा असाच एक शब्द. समदोष, समाग्नी, समधातू, समयोग, धातुसाम्य, दोषसाम्य ही पदे पदवीच्या पहिल्या वर्षापासून आपल्या कानांवर पडतात, उत्तरपत्रिकांतून जातात आणि पुढे चिकित्सालयात रुग्णाशी बोलताना सहज ओठांवर येतात. चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या पहिल्याच अध्यायात धातुसाम्य करणे हे या तंत्राचे प्रयोजन म्हणून सांगितले आहे. वाग्भटाचार्यांनीही रोग आणि आरोग्य यांची ओळख दोषांच्या वैषम्याने आणि साम्यानेच करून दिली आहे. ज्या शब्दावर शास्त्राचे प्रयोजनच उभे आहे, तो हा शब्द होय.

गेल्या काही वर्षांत त्याची जागा ‘संतुलन’ या शब्दाने घेतली आहे. औषधांच्या खोक्यांवर ‘त्रिदोष संतुलित करणारे’ असे छापलेले असते. जाहीर व्याख्यानांत आपणच ‘वात, पित्त व कफ यांचे संतुलन म्हणजे आरोग्य’ असे सांगतो. आणि रुग्ण खुर्चीत बसता बसता म्हणतो, ‘डॉक्टर, सगळा बॅलन्स बिघडलाय.’ बोलण्यापुरता हा शब्द चालतो, त्याबद्दल आमची तक्रार नाही. परंतु शब्दाबरोबर एक चित्र येते आणि चित्राबरोबर चिकित्सेची दिशा ठरते. ‘संतुलन’ या शब्दाने आणलेले चित्र ‘सम’ या शब्दाच्या अर्थाला पुरत नाही, आणि जो अर्थ गळून पडतो तोच रुग्णाच्या दृष्टीने अधिक मोलाचा आहे, असे आमचे मत आहे. म्हणून हा लेखनप्रपंच.

तराजूची तीन गृहीते

‘संतुलन’ हा शब्द ‘तुला’ या शब्दाशी बांधलेला आहे. तुला म्हणजे तराजू. आपल्या मानपरिभाषेत शंभर पलांनाही तुला म्हणतात, म्हणजे तेथेही संबंध वजनाशीच. मराठीतील तोल, समतोल, तोल जाणे, तोल सांभाळणे हे सारे शब्दप्रयोग याच कुळातले. या चित्रात तीन गोष्टी न बोलता गृहीत धरलेल्या असतात. पहिली, दोन्ही पारड्यांत सारखे वजन असले पाहिजे. दुसरी, तोल साधला की काटा स्थिर राहिला पाहिजे. तिसरी, तोल साधला की नाही हे काट्याकडे पाहणाऱ्याने ठरवायचे. पारड्यातील वस्तूला त्याबद्दल विचारण्याचे कारण नाही.

संहितांमध्ये ‘सम’ हा शब्द ज्या ज्या ठिकाणी येतो ती स्थळे एकत्र वाचली, तर ही तिन्ही गृहीते कोसळतात. त्यांचा क्रमाने विचार करू.

अंजलीची साक्ष

पहिले गृहीत समानतेचे. चरक शारीरस्थानाच्या सातव्या अध्यायात शरीरातील द्रव भावांचे प्रमाण अंजलींमध्ये दिले आहे. उदक १०, रस ९, रक्त ८, पुरीष ७, कफ ६, पित्त ५, मूत्र ४, वसा ३, मेद २ आणि मज्जा १ अंजली. मस्तिष्क, शुक्र आणि श्लैष्मिक ओज प्रत्येकी अर्धी अंजली. हे स्वस्थ शरीराचे प्रमाण आहे. शेवटचे तीन भाव सोडले तर येथे कोणतीही दोन पारडी सारखी नाहीत. कफ सहा आणि पित्त पाच, तरीही दोन्ही ‘सम’. रक्त आठ आणि मज्जा एक, तरीही दोन्ही ‘सम’. वायूला तर अंजलीच दिलेली नाही. त्याला कोणत्या पारड्यात घालणार?

याच ठिकाणी आणखी एक गोष्ट आहे, जी आकड्यांच्या पाठांतरात हातून निसटते. ही अंजली ज्याची त्याने स्वतःच्या हातांनी मोजायची आहे. वैद्याच्या अंजलीने रुग्णाचे रक्त मोजले जात नाही. बापाच्या अंजलीने लेकराचे मोजले जात नाही. शिवाय हे प्रमाण वाढणारे व घटणारे आहे आणि तर्कानेच जाणावयाचे आहे, असेही आचार्य तेथेच बजावतात. तेव्हा ‘सम’ याचा अर्थ ‘एकमेकांइतके’ असा होत नाही. ‘आपापल्या प्रमाणात’ असा तो होतो. मापही परके नाही, मोजणारा हातही परका नाही.

हा केवळ शब्दांचा कीस आहे असे कोणास वाटेल, म्हणून अलीकडचा एक प्रसंग सांगतो. पुण्यात संगणक क्षेत्रात नोकरी करणारा एक तरुण सुट्टीत गावी आलेला असताना आमच्याकडे आला. मोबाइलवरील प्रश्नावली भरून त्याने स्वतःच्या प्रकृतीचा कागद काढून आणला होता: वात ४६, पित्त ३४, कफ २०. त्याला कोणताही त्रास नव्हता. भूक उत्तम, झोप शांत, काम व्यवस्थित. त्याची मागणी एकच होती, की औषध देऊन हे तिन्ही आकडे ३३ वर आणावेत. त्याच्या बुद्धीचा यात दोष नाही. ज्याला आरोग्य म्हणजे संतुलन असे सांगितले गेले, त्याने तराजू हातात घेतला एवढेच. त्याला औषध न देता परत पाठवणे सोपे होते. औषध का देत नाही हे समजावण्यास मात्र अर्धा तास लागला.

चरक सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायात याचे उत्तर आहे. काही माणसे गर्भापासूनच समवातपित्तकफ असतात, तर काही वातल, पित्तल किंवा श्लेष्मल असतात. पहिल्यांना सर्व रसांचा सम अभ्यास हितकर. दुसऱ्यांना त्या त्या दोषाच्या विपरीत गुणांचा विधी हितकर. म्हणजे साम्य राखण्याचा उपाय माणसागणिक वेगळा. वातल माणसाचा तेलाशी जेवढा स्नेह हवा, तेवढा श्लेष्मल माणसाने ठेवला तर तो रोगाला आमंत्रण देईल. सूत्रस्थानाच्या पाचव्या अध्यायात आहाराची मात्रा अग्निबलावर सोपविली आहे, तीही याच कारणाने. शालेय पुस्तकांतील ‘समतोल आहार’ हा तक्ता चांगलाच आहे. ताटात काय असावे हे तो शिकवतो. परंतु ताटातले किती आणि केव्हा पोटात जावे, हे त्या त्या पोटातील अग्नीला विचारल्याशिवाय सांगता येत नाही.

विषमाच्या बाजूने पाहिले तर

दुसरे गृहीत स्थिरतेचे. येथे ‘सम’ या शब्दाचा अर्थ त्याच्या विरुद्ध शब्दावरून अधिक स्पष्ट होतो. शाळेत आपण सम आणि विषम संख्या शिकतो. मात्र आपल्या शास्त्रात ‘विषम’ हा शब्द कोठे येतो ते पाहा. विषमज्वर म्हणजे ज्याच्या येण्याला, जाण्याला आणि वेगाला नियम नाही असा ज्वर. विषमाग्नी म्हणजे जो कधी नीट पचवितो आणि कधी पचवीत नाही असा अग्नी. विषमाशन म्हणजे कधी फार, कधी थोडे, कधी भलत्याच वेळी खाणे. या तिन्ही ठिकाणी विषमता आहे ती मुख्यतः लयीची. वजनातील असमानतेपेक्षा भरवसा नसणे हे विषमाचे लक्षण आहे. तेव्हा ‘सम’ म्हणजे ज्याच्या येण्याजाण्याचा भरवसा धरता येतो ते.

असे नसते तर दिनचर्या आणि ऋतुचर्या यांना अर्थच उरला नसता. दिवसाच्या आरंभी कफ, मध्ये पित्त आणि शेवटी वायू. रात्रीचाही हाच क्रम, वयाचाही हाच आणि भुक्तान्नाच्या पचनाचाही हाच. ग्रीष्मात वायूचा संचय, वर्षेत प्रकोप, शरदात प्रशम. वर्षेत पित्ताचा संचय, शरदात प्रकोप, हेमंतात प्रशम. शिशिरात कफाचा संचय, वसंतात प्रकोप, ग्रीष्मात प्रशम. स्वस्थ माणसाच्या शरीरात दोष एका जागी गोठलेले नसतात. ते चढतात आणि उतरतात. वेळेवर चढतात आणि वेळेवर उतरतात. या उतरण्याला साम्य म्हणावयाचे.

मराठी माणसाला हा अर्थ समजावयास संस्कृत कोशाचीही गरज नाही. गाण्याच्या बैठकीस बसणाऱ्या कोणासही ‘सम’ ठाऊक असते. तालाची पहिली मात्रा ती सम. गवई आलाप घेतो, ताना घेतो, लयीशी खेळतो, कधी इतका दूर जातो की श्रोता श्वास रोखून धरतो. आणि मग नेमका समेवर येतो. तो समेवरच बसून राहिला असता तर गाणे झालेच नसते. समेचा अर्थ एका जागी थांबणे नसून जेथे परत यावयाचे ती जागा, असा आहे. आरोग्यही असेच आहे. जागरण होणार, लग्नसराईत जेवणे होणार, शोकाचे दिवसही येणार. प्रश्न इतकाच असतो, की हे शरीर आणि हे मन समेवर परत येते की नाही.

आधुनिक शरीरक्रियाशास्त्रानेही याच वाटेने विचार केला आहे. वॉल्टर कॅनन यांनी १९२६ मध्ये ‘होमिओस्टॅसिस’ हा शब्द योजला आणि १९३२ च्या ‘द विज्डम ऑफ द बॉडी’ या ग्रंथाने तो सर्वत्र पोहोचविला. त्या शब्दातील पूर्वपद ‘सदृश’ अशा अर्थाचे ग्रीक पद आहे, ‘तोच’ अशा अर्थाचे नव्हे. पुढे १९८८ मध्ये पीटर स्टर्लिंग व जोसेफ आयर यांनी ‘ॲलोस्टॅसिस’ ही संकल्पना मांडली. बदलातून साधलेले स्थैर्य, असा तिचा आशय. आपल्या आचार्यांनी हेच सांगितले होते असा दावा करण्याचे कारण नाही. त्यांची साधने वेगळी, यांची वेगळी. सांगावयाचे ते इतकेच, की तराजूचे चित्र आता त्यांनाही पुरत नाही; मग आपण ते का धरून बसावे?

साम्य ओळखावयाचे कशाने?

तिसरे गृहीत सर्वांत महत्त्वाचे. साम्य आहे की नाही हे ठरवावयाचे कोणी आणि कशावरून?

सुश्रुत सूत्रस्थानाच्या पंधराव्या अध्यायातील स्वस्थाचे लक्षण प्रत्येक वैद्यास मुखोद्गत आहे. ते येथे पुन्हा देत नाही. आपल्या परिषदांच्या निमंत्रणपत्रिकांवर ते असते, चिकित्सालयाच्या भिंतीवर असते. मात्र त्याच्या अगदी आधी आचार्य काय म्हणतात, हे फारसे वाचले जात नाही. तेथे ते म्हणतात की शरीरे परस्परांहून भिन्न असतात आणि अस्थिर असतात, म्हणून दोष, धातू व मल यांचे निश्चित परिमाण सांगता येत नाही. त्यांचे समत्व वैद्य ठरवितात खरे, पण स्वास्थ्याखेरीज दुसऱ्या कोणत्याही हेतूने ते सांगणे शक्य नाही. आणि मग ते एक व्यवहार्य खूण देतात: ज्याची इंद्रिये प्रसन्न नाहीत असा पुरुष दिसला, तर कुशल वैद्याने त्याच्या दोषादिकांची असमता अनुमानाने ओळखावी. यानंतर लगेच येते ते स्वस्थाचे सुप्रसिद्ध लक्षण.

हा क्रम ध्यानात घेतला, की त्या लक्षणाकडे पाहण्याची दृष्टी बदलते. ‘सम’ या शब्दाने त्याचा आरंभ होतो आणि आत्मा, इंद्रिये व मन यांच्या प्रसन्नतेने त्याचा शेवट होतो. आपण बहुधा असे समजतो, की पूर्वार्ध शास्त्राचा आहे आणि उत्तरार्ध शोभेचा. दोष, अग्नी, धातू व मलक्रिया हे वैद्याचे काम आणि प्रसन्नता हे कीर्तनकाराचे. सुश्रुताचार्यांच्या मांडणीत मात्र प्रसन्नता हे साम्याच्या परीक्षेचे साधन आहे. ज्याचे परिमाण सांगता येत नाही, त्याचे अनुमान इंद्रियांच्या प्रसन्नतेवरून किंवा अप्रसन्नतेवरून करावयाचे. म्हणजे तराजूच्या पारड्यातील वस्तूलाच विचारावयाचे, ‘तुला कसे वाटते?’

प्रसन्न म्हणजे हसतमुख?

येथे ‘प्रसन्न’ या शब्दाचाही खुलासा करावयास हवा, कारण त्याचाही अर्थ मराठीत अरुंद झाला आहे. प्रसन्न म्हटले की आपल्यासमोर हसरा चेहरा येतो, किंवा नवसाला पावलेली देवता येते. मूळ शब्द ‘प्र’ या उपसर्गासह ‘सद्’ धातूपासून आला आहे. खाली बसणे, स्थिरावणे आणि त्यामुळे स्वच्छ होणे, असा त्याचा आशय. आपल्या शास्त्रात हा धातू जागोजागी भेटतो. आहाररसाचे प्रसाद आणि किट्ट असे दोन भाग होतात. त्यातील प्रसाद तो हाच. सुरेच्या वरच्या निवळ भागास ‘प्रसन्ना’ म्हणतात, तोही हाच. आणि सुश्रुत सूत्रस्थानाच्या पंचेचाळिसाव्या अध्यायात गढूळ पाणी स्वच्छ करण्याचे सात उपाय सांगितले आहेत, त्यांना ‘प्रसादन’ असेच नाव आहे. त्या सातांत पहिले नाव कतकाचे, म्हणजे आपल्या निवळीच्या बियांचे.

निवळीचे बी पाण्याच्या भांड्यात उगाळले की गाळ तळाशी बसतो आणि वरचे पाणी नितळ होते. ‘निवळणे’ हा मराठीचा अस्सल शब्द प्रसादनाचे नेमके भाषांतर आहे. पाणी निवळते, आभाळ निवळते, वातावरण निवळते आणि मनही निवळते. प्रसन्न इंद्रिय म्हणजे निवळलेले इंद्रिय: ज्या डोळ्याला दिसते ते स्पष्ट दिसते, ज्या जिभेला मीठ मिठासारखे लागते, ज्या कानाला घरातले बोलणे नकोसे होत नाही. प्रसन्न मन म्हणजे ज्याचा गाळ खाली बसला आहे असे मन. ते आनंदी असेलच असे नाही. शोक झालेल्या माणसाचे मनही निवळ असू शकते. हसणाऱ्या माणसाचे गढूळ असू शकते.

मराठीतील ‘स्वस्थ’ या शब्दाने हा अर्थ अजून जिवंत ठेवला आहे. ‘जरा स्वस्थ बस’ असे आई मुलाला म्हणते, ‘रात्रभर अस्वस्थ वाटत होते’ असे रुग्ण म्हणतो. शरीराचे आरोग्य आणि चित्ताची निश्चलता यांसाठी आपल्या भाषेने एकच शब्द ठेवला, हा योगायोग नाही. स्वतःत राहणे ते स्वास्थ्य, ही व्युत्पत्ती त्या दोन्ही अर्थांना सामावून घेते.

चिकित्सालयात याचा उपयोग काय, हे एका उदाहरणाने सांगतो. आमच्या परिसरात साखर कारखान्याचा गळीत हंगाम साधारण दिवाळीच्या सुमारास सुरू होतो आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी संपतो. या काळात कामगारांच्या पाळ्या आलटून पालटून लागतात. असाच एक पंचेचाळिशीचा कामगार आला. सर्व तपासण्या करून झाल्या होत्या. अहवालांत काहीही उणे नव्हते. ‘तुला काही झालेले नाही’ असे त्याला सर्वांनी सांगितले होते, आणि त्यामुळेच तो अधिक खचला होता. विचारता विचारता त्याने सांगितले, की कशाचीच चव लागत नाही, माणसात बसावेसे वाटत नाही, भोंग्याचा आवाज डोक्यात घुमत राहतो. तीन इंद्रिये अप्रसन्न. जेवणाच्या वेळा विचारल्या: एका आठवड्यात सकाळी अकरा, दुसऱ्यात दुपारी चार, रात्रपाळीत पहाटे तीन वाजता डब्यातले गार जेवण. विषमाशन आणि जागरण, त्यातून विषमाग्नी. पाळी बदलणे त्याच्या हाती नव्हते, आमच्याही नव्हते. म्हणून कोणत्याही पाळीत पाळता येईल असा नियम बसविला: झोपून उठल्यावर किती वेळाने पहिले जेवण, पाळीत काय खावे आणि काय टाळावे, झोपेपूर्वी पायांना तेल, दिवसाची झोप जेवणाआधी. जोडीला थोडे दीपन-पाचन. घड्याळाची सम त्याला साधणार नव्हती. त्याच्या दिवसाची सम साधावयाची होती. पाचव्या आठवड्यात तो म्हणाला, ‘आता जरा निवळल्यासारखं वाटतंय.’ कोणत्याही अहवालात छापता न येणारे हे वाक्य सुश्रुताचार्यांच्या कसोटीला नेमके उतरते.

एक आक्षेप

यावर एक रास्त आक्षेप येईल. उच्च रक्तदाबाचा किंवा प्रारंभीच्या मधुमेहाचा रुग्ण पुष्कळदा अगदी मजेत असतो. रक्तदाब १७० वर ११० असलेला माणूस हसत हसत म्हणतो, ‘मला काही त्रास नाही.’ त्याच्या प्रसन्नतेवर विसंबून राहिले तर अनर्थ होईल.

आक्षेप खरा आहे आणि त्याला बगल देता कामा नये. प्रथम हे पाहावे, की सुश्रुताचार्यांचे अनुमान एकाच दिशेने जाते. अप्रसन्न इंद्रियांवरून असमता ओळखावी, असे ते म्हणतात. प्रसन्न चेहरा दिसला की परीक्षा थांबवावी, असे ते म्हणत नाहीत. स्वस्थाच्या लक्षणात सर्व पदे एकत्र हवीत. एक दिसले म्हणून बाकीची गृहीत धरता येत नाहीत. रक्तदाबमापक आणि ग्लुकोमीटर ही आपल्या परीक्षेत भर घालणारी साधने आहेत, त्यांना शत्रू मानण्याचे कारण नाही. लक्षणांवाचून वाढणारे व्याधी त्यांच्यामुळे उघड होतात, हा मोठाच लाभ आहे, आणि असा रुग्ण आढळल्यास त्याचे चालू औषध परस्पर बंद करण्याचा मोह कोणीही करू नये.

मात्र याचा व्यत्यासही तितकाच खरा आहे. आकडा ठीक आला म्हणजे माणूस ठीक झाला, असे होत नाही. साखर आटोक्यात आली, पण रुग्ण घाबरून जेवणेच सोडून बसला, घरातील सणाच्या दिवशी कोपऱ्यात जाऊन बसू लागला, तर त्याच्या धातूंचे साम्य झाले असे कोणत्या तोंडाने म्हणावे? यंत्र जे सांगते ते आणि माणूस जे सांगतो ते, ही दोन्ही वचने ऐकून घेणे हे वैद्याचे काम आहे. पहिले ऐकण्यासाठी प्रयोगशाळा आहे. दुसरे ऐकण्यासाठी आपल्याशिवाय पुष्कळदा कोणीही नसते.

वैद्याचे समत्व

आतापर्यंत रुग्णाच्या साम्याचा विचार झाला. या शब्दाचे एक टोक वैद्याकडेही येते. भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायात सिद्धी आणि असिद्धी यांच्या ठायी सम राहणे म्हणजे योग, असे सांगितले आहे. आपल्या व्यवसायात सिद्धी-असिद्धी रोजची असते. चरक सूत्रस्थानाच्या नवव्या अध्यायात वैद्यवृत्ती चार सांगितल्या आहेत: मैत्री, आर्तांविषयी कारुण्य, साध्य रुग्णाविषयी प्रीती आणि मरणोन्मुखांविषयी उपेक्षा. यातील ‘उपेक्षा’ हा शब्द मराठीत आला आणि त्याचा अर्थ ‘दुर्लक्ष’ झाला. मूळ अर्थ जवळून पाहणे, गुंतून न पडता पाहणे असा आहे. योगसूत्रांत आणि बौद्ध विचारातही मैत्री व करुणा यांच्याच पंक्तीत हा शब्द बसतो.

या दोन अर्थांतील अंतर रुग्णाच्या खाटेपाशी कळते. असाध्य रुग्णाच्या घरी जाणे बंद करणे ही मराठी उपेक्षा. वृथा आशा न दाखविता, नवनवीन महागडी औषधे न लादता, वेदना व झोप यांची काळजी घेत त्याच्याजवळ बसणे, ही त्या शब्दाची आजची मोठी अर्थच्छटा असली पाहिजे, असे आम्हास वाटते. ज्या वैद्याचे स्वतःचे मन गढूळ आहे, त्याला दुसऱ्याच्या इंद्रियांची अप्रसन्नता दिसणार नाही. गढूळ पाण्यात तळ दिसत नाही. दिवसाला साठ-सत्तर रुग्ण, दुपारचे जेवण चार वाजता आणि त्यातही फोन चालू, अशी ज्याची दिनचर्या आहे, त्याने रुग्णाला विषमाशनाचे तोटे सांगावेत हे शोभणारे नाही.

काय करता येईल

आरोग्याची जागतिक आरोग्य संघटनेची व्याख्या तिच्या घटनेबरोबर १९४८ मध्ये अमलात आली. शारीरिक, मानसिक आणि सामाजिक सुस्थिती असा तिचा आशय. व्यासपीठावर आपण तिची सुश्रुतोक्त लक्षणाशी तुलना करतो आणि आपले लक्षण किती पुरातन व किती परिपूर्ण आहे, हे सांगून टाळ्या घेतो. पण व्यासपीठावरून उतरून आपल्याच चिकित्सालयातील रुग्णपत्रिका पाहावी. नाडी, जिव्हा, मल, मूत्र, क्षुधा, निद्रा यांसाठी रकाने असतात. आत्मा, इंद्रिये व मन यांच्या प्रसन्नतेसाठी बहुतेक पत्रिकांत एक ओळही नसते. ज्या लक्षणाचा अभिमान बाळगावयाचा, त्याच्या अर्ध्या भागाला कागदावर जागा नाही, ही विसंगती आहे.

म्हणून सदस्य वैद्यांपुढे तीन सूचना ठेवतो. पहिली, रुग्णपत्रिकेत एक रकाना वाढवावा आणि प्रत्येक भेटीत दोनच प्रश्न विचारावेत: चव, दृष्टी, ऐकणे व स्पर्श यांत काही बदल जाणवतो का, आणि मन निवळ वाटते का. उत्तर रुग्णाच्याच शब्दांत लिहावे. त्याचे भाषांतर करू नये. दोन-तीन महिन्यांनी ती उत्तरे एकापुढे एक ठेवून वाचावीत. पुष्कळदा अहवालांच्या आधी ती बोलू लागतात. दुसरी, ‘तुमचे दोष संतुलित करतो’ असे रुग्णास सांगण्याऐवजी ‘तुमची लय परत आणू’ असे सांगावे. त्यामुळे औषधाबरोबर जेवणाच्या, झोपेच्या आणि विश्रांतीच्या वेळाही आपोआप चर्चेत येतात, आणि एका डबीत तिन्ही दोष जागेवर येतील ही भाबडी अपेक्षा उरत नाही. तिसरी, नवपदवीधरांना स्वस्थाचे लक्षण शिकविताना त्याच्या आधीची वचने वगळू नयेत. ती वाचली म्हणजे साम्य आणि प्रसन्नता ही दोन वेगळी प्रकरणे नसून एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत, हे त्यांच्या आपण होऊन ध्यानात येईल.

‘सम’ हा शब्द दोन अक्षरांचा आहे. त्याचा अर्थ प्रत्येक रुग्णागणिक नव्याने शोधावा लागतो. तो शोध तराजूने करता येत नाही. त्यासाठी रुग्णाची अंजली, रुग्णाची लय आणि रुग्णाचे बोलणे, या तिघांनाही मान द्यावा लागतो. तो देण्याचे सामर्थ्य आपल्या शास्त्रात आहे. वेळ मात्र आपणच द्यावयाचा आहे. या विषयावर सदस्यांनी आपापल्या रुग्णानुभवांसह अनुकूल-प्रतिकूल मते अवश्य लिहून पाठवावीत, अशी नम्र विनंती.